चौथ्या मजल्यावरचं हळदीकुंकू

शालू,

तू गेलीस त्या सकाळी आपल्या विंगमध्ये चहा कुणी करायचा यावरून वाद झाला. पहिल्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी आल्याचा करून आणला, तोवर चौथ्या मजल्यावरून कविताने वेलचीच्या चहाचा मोठा थर्मास पाठवलेला. तिसऱ्या मजल्यावरचा तो बंगाली कॉम्प्युटरवाला, ज्याचं नाव तुला एकटीलाच नीट म्हणता यायचं, बिनसाखरेची कॉफी आणि कागदी कप घेऊन जिन्यात उभा होता. तुझा मंदार पुण्याहून येऊन पोचला आणि गर्दी बघून दारातच थबकला. "मावशी, हे सगळे कोण?" त्याने मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, शेजारी. त्याच्या लहानपणीचे शेजारी मला आणि आमच्या ह्यांना सोडून एकही तिथे नव्हता, म्हणून तो गोंधळला होता. तू असतीस तर आधी चहाचा निवाडा केला असतास आणि तिन्ही प्यायली असतीस.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, हे लिहायला मी बसलेली नाही. ते मंदारने पेपरात दिलंय, आणि त्यात तुझं नाव 'शालिनी' छापलंय, जे वाचून मला क्षणभर वाटलं की ही दुसरीच कुणी बाई. अजून तुझे दिवस व्हायचेत. घरात गप्प बसवत नाही म्हणून तुझ्याशी बोलतेय. तुझ्याशी बोलायचं म्हणजे भांडायचंच, आणि आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. ते आधी पूर्ण करते.

आपण इथे राहायला आलो तेव्हा वसई पूर्वेला इमारती कमी आणि चिखल जास्त होता. एव्हरशाईन सिटीचं नाव नुकतं लोकांच्या तोंडी बसत होतं. कुणी लालबागच्या चाळीतून आलेलं, कुणी गिरगावातून, कुणाचं गाव कोकणात, कुणाचं देशावर. सगळे नोकरदार. सगळ्यांच्या घरात तोच सोफा-कम-बेड आणि त्यावर तेच क्रोशाचं पांढरं आवरण. पार्किंगमध्ये दोनचार स्कूटरी, बाकी जागेत मुलांचं क्रिकेट. त्या सगळ्यांत इथली म्हणावी अशी तू एकटी. माहेर वटारला, केळी आणि पानवेलींची वाडी करणाऱ्या घरातली, आणि लग्न साताऱ्याच्या बँकवाल्याशी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. तुझा भाऊ फोनवर तुझ्याशी तुमच्या घरच्या बोलीत बोलायचा तेव्हा मला, मराठी शिकवणाऱ्या बाईला, त्यातलं निम्मंसुद्धा कळत नसे, आणि याचा तुला कोण आनंद.

पहिल्या संक्रांतीला आपण ठरवलं की प्रत्येकीने आपल्या घरी हळदीकुंकू करायचं. सगळ्यांचे पगार साधारण सारखे, घराचे हप्ते सारखे, आणि स्टेशनबाहेरचं प्लॅस्टिकचं दुकानही एकच. रथसप्तमी येईतो प्रत्येकीच्या घरात साबणदाण्यांचा ढीग झाला. तोच आकार, तळाला तीच भोकं, रंग काय तो निळा नाहीतर गुलाबी. तू एकात लसूण ठेवलीस, एकात दोरे, एकात दादांची दाढीची ब्लेडं. एकमेकींच्या घरी गेलं की आपण आधी साबणदाणी शोधायचो आणि सापडली की पोट धरून हसायचो.

वाण वेगळं ते फक्त तुझं. भावाच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी, केळीच्या सुक्या पानात गुंडाळून, वर सुतळीची गाठ. पहिल्या वर्षी तेच, शेवटच्या वर्षीही तेच. मधल्या काळात बाकीच्यांची वाणं कुठल्या कुठे गेली. साबणदाणी गेली, स्टीलची वाटी आली. मग झाकणाचा डबा, मग कॅसरोल. एका वर्षी दुसऱ्या मजल्यावर नॉनस्टिक तवा वाटतायत अशी बातमी फुटली तेव्हा सी विंगमधल्या बायका न बोलावता नटून आल्या होत्या. त्यानंतर चांदीचं पाणी दिलेले करंडे आले, गिफ्टच्या कागदात, वर रिबीन. विंगची मिळकत मोजायला सरकारी माणूस लागलाच नसता. कुणीही आपल्या घरची वाणं रांगेत मांडून बघावीत.

मिळकत वाढली आणि माणसं बदलली. दोन्ही एकदमच झालं. भाव वर गेले तसे जुने लोक हिशेबी झाले. इथला एक फ्लॅट विकला की विरारला चंदनसारला दोन येतात, दोन मुलांना दोन, भांडण नको. एकेक घर तसं गेलं. त्यांच्या जागी आले ते कारखानेवाले, दुकानवाले, जहाजावरचे, कॉम्प्युटरवाले. पार्किंगमधलं क्रिकेट बंद झालं, कारण चेंडू ज्या गाड्यांना लागायचा त्या महाग होत्या. सोसायटीची मीटिंग आधी मराठीत व्हायची, मग हिंदीत व्हायला लागली, आणि शेवटी दादांनी लिहिलेलं इतिवृत्त कुणीतरी इंग्रजीत वाचून दाखवलं तेव्हा दादा मला हळूच म्हणाले, "बाई, मी एवढं चांगलं लिहिलं होतं हे मला माहीतच नव्हतं."

मी चिडायचे. आता दारं बंद असतात, आता बेल मारल्याशिवाय कुणाकडे जाता येत नाही, बाहेरच्या लोकांनी विंगचं हॉटेल करून टाकलं, असं मी तुझ्या ओट्याशी उभी राहून रोज बोलायचे. तू भाजी निवडता निवडता ऐकून घ्यायचीस. एकदा मात्र म्हणालीस, "बाहेरचं कोण ते आमच्या वटारला येऊन विचार. तुम्ही सगळे आलात तेव्हा माझा भाऊ म्हणाला होता, आली बिल्डिंगवाली. आता तुमच्यानंतर जे आले ते तुला बाहेरचे वाटतात." तुझं बरोबर होतं, आणि हे तू गेल्यावर कबूल करणं मला परवडतं.

मग कविता आली. नवऱ्याचा, महेंद्रचा, इथल्याच औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकचे साचे करायचा कारखाना. मूळचे राजस्थानातले, आधी भाईंदरला भाड्याने. त्यांनी चौथ्या मजल्यावरचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेतले आणि मधली भिंत पाडली. महिनाभर हातोडे चालले. संगमरवराची पांढरी धूळ तुझ्या गॅलरीतल्या मोगऱ्यावर बसायला लागली तेव्हा तू पदर खोचून वर भांडायला गेलीस. मी खाली कान देऊन उभी. आवाज काही येईना. तासाभराने तू उतरलीस ती वाटीभर बेसनाच्या गट्ट्याची भाजी घेऊन. "पोरीला भाकरी येत नाही," असं म्हणालीस, जणू त्यासाठीच गेली होतीस.

त्या वर्षी माझ्याकडच्या हळदीकुंकवाला तिला तू घेऊन आलीस. उखाण्याशिवाय सोडायचं नाही हा आपला नियम. पोरगी घाबरली. तू तिला स्वयंपाकघरात नेलंस आणि पाच मिनिटांत पढवून बाहेर आणलंस. ती डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिली आणि एका दमात म्हणाली:

"नायगावची खाडी, वटारची वाडी,
महेंद्रजींचं नाव घेते, पार्किंगमध्ये दोन गाडी."

सोसायटीत तेव्हा त्या दुसऱ्या गाडीवरूनच रण पेटलं होतं. त्यावर असा हशा पिकला की माझ्या तिळाच्या वड्यांचं ताट लवंडलं. पुढच्या मीटिंगमध्ये त्या गाडीचा विषय कुणी काढला नाही. तुझी सुकेळी मात्र कविताच्या सासूबाईंना कळली नाहीत. त्यांनी ती धूप समजून देवघरात ठेवली आणि मुंग्या लागल्या तेव्हा त्यांना वाटलं, देव पावला.

दादा गेले त्या वर्षाबद्दल लिहायला हात रेटत नाही. एवढंच की त्यानंतरच्या संक्रांतीला मी नेहमीसारखी तुला बोलवायला आले आणि तू नाही म्हणालीस. मी तुला सुनावलं. आपण दोघी किती शिकलेल्या, हे काय धरून बसलीयस, कुणाची हिंमत आहे तुला काही बोलायची, कुंकू काय नवऱ्याच्या मालकीचं असतं का. तू सगळं ऐकलंस. मग म्हणालीस, "कुणी काही बोलणार नाही, मला माहितीये. पण करंडा माझ्याजवळ आला की बायका अवघडतात. एकमेकींकडे बघतात. ते मला त्यांच्या तोंडावर बघायचं नाहीये." सुकेळ्यांच्या पुड्या तू बांधून ठेवल्या होत्यास. त्या माझ्या हातात दिल्यास आणि दार लावून घेतलंस. तुझं दार दिवसाढवळ्या बंद झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढच्या वर्षीही तेच. मी भांडले, तू पुड्या दिल्यास. मंदार फोनवर मागे लागला होता की विक आणि पुण्याला ये. दलाल चकरा मारू लागला. तू हो-नाही करत होतीस, आणि मग एके दिवशी मला म्हणालीस की विकावं म्हणते. चार भिंती कुठेही मिळतात. इथे बायका होत्या, त्यांतल्या निम्म्या चंदनसारला गेल्या आणि उरलेल्यांत माझं बसणं राहिलं नाही. मी त्यावरही तुला रूढींबद्दल आणि समाजाबद्दल बरंच काही ऐकवलं. तू मान हलवलीस आणि दलालाला फोन केलास. तुझा फ्लॅट बघायला माणसं यायला लागली. बूट न काढता आत फिरायची आणि ही भिंत पडेल का, असं विचारायची.

त्याच आठवड्यात कविताकडे हळदीकुंकू होतं. पहिल्यांदाच तिच्या घरी, त्या दोन फ्लॅटच्या मोठ्या दिवाणखान्यात. तिने तुला निरोप पाठवला की सुकेळी स्वतः आणून द्या, सासूबाईंना समजावून सांगा हे खायचं असतं. तू पुड्या घेऊन वर आलीस ते स्वयंपाकघरात ठेवून परत फिरायच्या बेताने. कविताने तुझा हात धरला आणि तुला बाहेर आणून सोफ्यावर सगळ्यांत आधी बसवलं. तिच्या हातात करंडा होता. आम्ही जुन्या दोघीतिघी गोठल्यासारख्या झालो. आता ही उठून जाणार, आणि गेली की कायमची जाणार. कविताने हसत हसत तुझ्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू. तुझा हात अर्धा वर आला होता. तो तसाच राहिला, मग मांडीवर गेला. तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, "नीट लाव गं, नाकावर सांडतंय."

बायका अवघडल्या नाहीत, शालू. खोलीत आम्ही जुन्या मोजक्याच होतो. बाकी सगळ्या नव्या, त्यांना यात काही घडलंय हेच कळलं नाही. पंजाबी बाई तुला अत्तर लावत होत्या, बंगाल्याची बायको सुकेळ्याचा वास घेऊन बघत होती. मी बाथरूममध्ये जाऊन डोळे धुवून आले.

दोन दिवसांनी तू दलालाला नको म्हणून सांगितलंस. मंदार रागावला, महिनाभर बोलला नाही, मग आपोआप बोलला. आणि माझा पारा चढला. मी दोन वर्षं तत्त्वाने सांगत होते ते तू ऐकलं नाहीस, आणि एका परगावच्या पोरीला आपली रीत ठाऊक नाही म्हणून तिच्या हातून चूक झाली, ती तू मुकाट्याने मान्य केलीस? चुकीने झालेली सुधारणा ही सुधारणाच नव्हे, असं मी तुला शंभरदा ऐकवलं असेल. तू दर वेळी हसायचीस. एकदाच म्हणालीस, "तू मला पटवत होतीस. तिने विचारलंच नाही." आपलं भांडण ते हेच. मी म्हणायचे अज्ञान, तू म्हणायचीस काय नाव द्यायचं ते दे.

त्यानंतरची वर्षं किती मजेची गेली. विंगमधली संक्रांत तुझ्या तंत्राने चालायला लागली. कुणी महागाचं वाण आणलं की तू त्यातलं एक उचलून विचारायचीस, हे घरात ठेवायचं कुठे? लाजून बायका पुन्हा साध्या वस्तूंवर आल्या. बंगाल्याच्या बायकोने एका वर्षी खरोखरच साबणदाण्या वाटल्या, तू सांगितलेला किस्सा ऐकून. आणि ती वटारची सहल. महेंद्रच्या दोन्ही गाड्या भरून आपण तुझ्या भावाच्या वाडीत गेलो. उंच टाचांच्या चपला हातात घेऊन बायका केळीच्या वाफ्यांतून चालत होत्या. तुझा भाऊ दारातच म्हणाला, आल्या बिल्डिंगवाल्या, आणि त्याने सगळ्यांना शहाळी फोडून दिली. कविताच्या सासूबाई मांडवावर वाळत घातलेली केळी बघून कपाळावर हात मारून हसल्या. तुझा भाऊ तुमच्या बोलीत काहीतरी लांबलचक सांगत होता. मला त्यातलं काही कळेना आणि कविता मात्र होला हो म्हणत होती. येताना मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "टीचर आंटी, मला मराठी येते कुठे. मी तोंडाकडे बघते, त्यावरून कळतं." गाडीत आपण सगळ्या गात होतो, आणि तुझा आवाज सगळ्यांत बेसूर होता. हेही पेपरात आलेलं नाही.

काल कविता माझ्याकडे आली. हळदीकुंकू या रविवारी तिच्याकडे ठरलेलं होतं, ते रद्द करू का, हे विचारायला. बोलता बोलता मी तिला म्हटलं, तुझ्या त्या एका चुकीमुळे आमची शालू इथे राहिली. उपकार झाले तुझे.

तिने विचारलं, "कौनसी चूक?"

मी सांगितलं. विधवेला कुंकू लावत नाहीत हे तुला तेव्हा माहीत नव्हतं ना, ती.

"टीचर आंटी, आमच्यात तर तुमच्यापेक्षा कडक आहे. माझी दादी घरातल्या लग्नात पण मागच्या खोलीत बसायची. मला सगळं माहीत होतं." तिने डोळे पुसले. "फ्लॅट बघायला माणसं येत होती. मला लिफ्टमध्ये भेटली. मी घाबरली. शालूआंटी गेल्या तर मी इथे कोणाकडे जाणार? सगळ्यांना वाटत होतं, ही नवी आहे, हिला काय कळतं. म्हटलं, वाटू दे."

मी विचारलं, शालूला कळलं होतं हे?

"दुसऱ्याच दिवशी. वर आल्या आणि बोलल्या, कविता, तुला माहीत होतं. मी हो बोलली. खूप हसल्या. मग बोलल्या, बाईंना सांगू नकोस. ती बिचारी दोन वर्षं भांडतेय, तिला वाईट वाटेल. आणि भाषण पण करेल."

शालू, मी हसले. सुतकातल्या विंगमध्ये, स्वयंपाकघरात, खुर्चीचा हात धरून हसले, इतकी की कविताही हसायला लागली आणि खालून कुणीतरी बेल वाजवून काय झालं विचारायला आलं. एवढी वर्षं तुम्ही दोघींनी मला अज्ञान की सुधारणा यावर भांडू दिलंत आणि मान डोलवत ऐकून घेतलंत. कविताला मी सांगितलंय, रविवारचं रद्द करायचं नाही.

ती गेल्यावर मी तुझ्या बंद दाराकडे बघत बसले. तिने तुला थांबवलं कारण तिला तू हवी होतीस. मलाही तू हवी होतीस. पण मी तुला रूढी सांगितल्या, समाज सांगितला, मालकी हक्क सांगितला. जाऊ नकोस, मला करमणार नाही, एवढं एक वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही.

मला करमत नाही, शालू.